इंदूरमधून विधानसभा लढवायची असेल तर: वकिलांसाठी मतदार यादीपासून मतमोजणीपर्यंत

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत: देपालपूर, इंदूर-१ ते इंदूर-५, महू, राऊ आणि सांवेर. सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०२३ मध्ये नऊच्या नऊ जागा एकाच पक्षाकडे गेल्या आणि इंदूर-२ मध्ये तर विजयाचं अंतर एक लाखाच्या वर होतं. अशा जिल्ह्यात, पक्ष कोणताही असो, हौसेखातर उभं राहू नये. पुढची निवडणूक २०२८ च्या अखेरीस व्हायची आहे. जिल्हा कोर्टात किंवा हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात वकिली करणारे आणि आमदारकीचा मनापासून विचार करणारे आपले मराठी वकील, वकीलबाई डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

वकिलाकडे तीन गोष्टी तयार असतात: कायद्याची जाण, बोलण्याची सवय आणि कागद वाचण्याची शिस्त. पहिल्या दोन गोष्टींवर तो फार विसंबतो आणि तिसरी, जी निवडणुकीत सगळ्यात जास्त उपयोगी पडते, ती मुनशीवर सोपवून मोकळा होतो. माझं ठाम मत आहे की मतदार यादी, शपथपत्र, खर्चाची वही आणि मतदानाच्या संध्याकाळी बूथवर मिळणारा नमुना १७-सी (नोंदलेल्या मतांचा हिशेब), हे चार कागद ज्याने स्वतः हाताळले त्याचीच निवडणूक उभी राहते. भाषणं त्यानंतर येतात.

आधी दिवस मोजा

२०२३ चं वेळापत्रक समोर घ्या. ९ ऑक्टोबरला घोषणा झाली आणि त्या क्षणापासून आचारसंहिता लागली. २१ ऑक्टोबरला अधिसूचना, ३० ला अर्जाची शेवटची तारीख, ३१ ला छाननी, २ नोव्हेंबरला माघार, १७ ला मतदान, ३ डिसेंबरला मोजणी. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो. म्हणजे माघारीनंतर चित्र स्पष्ट झाल्यापासून तोफा थंडावेपर्यंत जेमतेम तेरा दिवस. त्यातच दिवाळी आली, १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. त्या संध्याकाळी कुणाच्या दारात पत्रकं घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही, धनत्रयोदशीला बाजारातल्या माणसाला बोलायला उसंत नसते आणि भाऊबीजेला निम्मी घरं गावाला गेलेली असतात. मध्य प्रदेशात २०१३ आणि २०१८ मध्येही मतदान नोव्हेंबरातच झालं होतं, तेव्हा दिवाळी हिशेबात धरूनच चाला.

समजा मतदारसंघात अडीचशे बूथ आहेत. तेरा दिवसांत सगळीकडे जायचं तर रोज एकोणीस-वीस बूथ होतात. कुणाच्याही पायांना ते जमणार नाही. म्हणून लोकांशी ओळख आधीच्या दोन वर्षांत व्हायला हवी. त्या तेरा दिवसांत फक्त आठवण करून द्यायची असते.

वकिलीचे धागे वेळेत सोडवा

हा भाग इतर उमेदवारांना लागू नाही, आणि वकिलांचा घात इथेच होतो.

तुम्ही सरकारी वकील आहात का? अतिरिक्त सरकारी वकील, महाधिवक्ता कार्यालयातलं पद, एखाद्या मंडळाच्या किंवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव, असं काही आहे का? असेल तर संविधानाचा अनुच्छेद १९१ उघडून बसा. सरकारच्या अधीन असलेलं लाभाचं पद आमदारकीला अपात्र ठरवतं. कोणती पदं त्यातून सुटतात हे मध्य प्रदेशाच्या १९६७ च्या निरर्हता निवारण अधिनियमात पाहावं लागतं, पण त्या यादीच्या भरवशावर निवडणूक लढवू नका. राजस्थानातल्या कांता कथुरिया यांचं प्रकरण प्रत्येक वकिलाने वाचावं. त्या १९६७ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या. एका लवादाच्या कामासाठी त्यांना विशेष सरकारी वकील नेमलेलं होतं, तेवढ्यावरून हायकोर्टाने त्यांची निवड रद्द केली. अपील चालू असताना राज्याला पूर्वलक्षी कायदा करावा लागला आणि सुप्रीम कोर्टात त्या बहुमताच्या निकालाने वाचल्या. प्रत्येकासाठी कायदा बदलत नाही. राजीनामा अर्ज भरण्याच्या पुरेसा आधी द्या आणि तो स्वीकारल्याचं तारखेचं पत्र हातात घ्या. नुसती पोच पुरत नाही. इंदूरचे महापौर पुष्यमित्र भार्गव यांनीही २०२२ मध्ये उभं राहताना अतिरिक्त महाधिवक्ता हे पद सोडलं होतं.

दुसरा धागा अशिलांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे घेतलेलं काम पुरेशा कारणाशिवाय आणि वाजवी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. सोडलंच तर न लागलेली फी परत करावी लागते. तेव्हा जून-जुलैमध्येच ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांची यादी काढा, प्रत्येक अशिलाला समोर बसवून सांगा, आणि विश्वासू सहकाऱ्याचं नाव वकालतनाम्यात घाला. ज्याचा जामीन अर्ज तुमच्या प्रचारात लांबला, तो माणूस आणि त्याचा सगळा मोहल्ला ते विसरणार नाही.

तिसरा धागा जाहिरातीचा. त्याच नियमांतला ३६ वा नियम वकिलाला स्वतःच्या व्यवसायाची जाहिरात करू देत नाही. पत्रकावर नावामागे ‘अ‍ॅडव्होकेट’ लिहायला हरकत नाही. ‘अमुक वसाहतीचा खटला जिंकून दिला’, ‘मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी संपर्क’, चेंबरचा पत्ता, असलं काही नको. मोफत सल्ल्याचं शिबिर चालवत असाल तर चांगलंच आहे, वर्षानुवर्षं चालवा. पण आचारसंहिता लागली की बंद ठेवा, नाहीतर विरोधक त्याला मतासाठी दाखवलेलं आमिष म्हणेल आणि उत्तर देण्यात तुमचे दोन दिवस जातील.

अशिलांचे फोन नंबर प्रचाराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. घटस्फोटाच्या केससाठी तुमच्याकडे आलेल्या बाईचा नंबर ‘आपले समर्थक’ गटात दिसला तर तिचं नुकसान होतं. गोपनीयतेचं बंधन निवडणुकीत सैल होत नाही.

निवडून आल्यावर वकिली सोडावी लागेल का, असं बरेचजण विचारतात. लागत नाही. आमदार-खासदारांना वकिली करायला बंदी घालावी अशी याचिका सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली आहे.

यादी: इथे खरा वेळ घाला

मध्य प्रदेशात २०२५ च्या नोव्हेंबरपासून मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, घरोघरी गणनापत्रकं भरून घेतली गेली. शिवाय एका मतदान केंद्रावर १२०० पेक्षा जास्त मतदार नकोत असं आयोगाने ठरवलं आहे, त्यामुळे बूथांच्या हद्दी आणि क्रमांकही बदलतात. जुन्या निवडणुकीची यादी कुणी आपुलकीने दिली तरी तिच्यावर काम करू नका. ताजी यादी घ्या, बूथवार छापा, आणि एका बूथपासून सुरुवात करा.

लोकमान्य नगरातली एक गल्ली घेऊ. पहिल्या घरात आजी-आजोबा, दोघांची नावं यादीत आहेत. मुलाचंही आहे, पण तो कित्येक वर्षं पुण्यात. मुलीचं नाव आहे, ती लग्न होऊन नाशिकला. वरच्या मजल्यावर खरगोनहून आलेलं भाडेकरू कुटुंब, चार मतदार, चौघांची नावं गावाकडेच. पुढच्या घरात काळे आडनावाचे तिघे, त्यातल्या दोघांचं यादीत ‘काले’ आणि एकाचं ‘काळे’. हिंदी यादीत ‘ळ’ टिकत नाही, मग ओळखपत्राशी मेळ बसत नाही आणि बूथवर घासाघीस होते. एका गल्लीत एवढं सापडतं. नवं नाव घालायला नमुना ६, वगळण्याच्या हरकतीला नमुना ७, दुरुस्तीला आणि स्थलांतराला नमुना ८. भाडेकरूंची नावं इथे आणायला मदत करा. वारलेल्यांची नावं कुटुंबाला विचारून कमी करा. मात्र विरोधकांची मतं कापायला ठोक नमुना ७ भरणं सरळ गुन्हा आहे. मतदार यादीबाबत खोटं निवेदन केलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात शिक्षा आहे, आणि वकिलाच्या सनदेलाही ते शोभत नाही.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. तेव्हा नावं घालायचं काम निवडणुकीच्या वर्षातल्या उन्हाळ्यापर्यंत संपलेलं असावं.

पक्षात असाल तर प्रत्येक बूथवर बीएलए, म्हणजे बूथ पातळीचा प्रतिनिधी, नेमा आणि त्याला बीएलओंच्या, म्हणजे यादीचं काम पाहणाऱ्या बूथ पातळीच्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, ओळखीचं करून द्या. बीएलओ बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी कार्यकर्त्या असतात. त्यांच्याशी आदराने वागा. त्या कामात पिचलेल्या असतात, आणि निवडणुकीच्या काळात सरकारी कर्मचाऱ्याकडून प्रचाराला मदत घेणं भ्रष्ट आचार ठरतो हे तुमच्या माणसांना शिकवून ठेवा.

मराठी म्हणून मतं मागता येतात का?

नाही. हे स्पष्टच सांगितलं पाहिजे, कारण आपल्या घरगुती बैठकांत हेच वाक्य पहिलं निघतं: ‘आपला मराठी माणूस आहे, मत वाया घालवू नका.’ लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणं भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की हे बंधन उमेदवाराच्या धर्म-भाषेपुरतं नाही, मतदाराच्या धर्म-भाषेलाही लागू आहे. तो खटला मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातून, १९९० च्या निवडणुकीतून आला होता. भ्रष्ट आचार सिद्ध झाला तर निवड रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रताही येऊ शकते. तुमच्या संमतीने बोललेल्या कार्यकर्त्याचं वाक्यही तुमच्या खात्यावर चढतं.

मराठीत बोलायला मात्र पूर्ण मुभा आहे. एखाद्या भाषेच्या जतनासाठी काम करेन असं सांगणंही चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९६४ मध्येच जगदेव सिंह सिद्धांती खटल्यात म्हटलं आहे. शाळेत मराठी शिकायची सोय व्हावी, मराठी ग्रंथालयाला अनुदान मिळावं, ही मागणी जाहीरनाम्यात ठेवा. ‘मराठी आहे म्हणून मत द्या’ हे कुणालाही बोलू देऊ नका, रामबागेतल्या दिवाणखान्यातही नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी गणित जुळत नाही. आपली वस्ती रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, टिळक नगर अशी शहरभर विखुरलेली आहे आणि एका मतदारसंघात ती एकवटत नाही. सुमित्राताई महाजनांकडे पाहा. चिपळूणची मुलगी, लग्नानंतर इंदूरची सून, कायद्याची पदवीधर. १९८५ मध्ये त्या इंदूर-३ मधून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. १९८९ मध्ये प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेल्या आणि तिथून सलग आठ वेळा निवडून आल्या. हे फक्त मराठी मतांवर घडलेलं नाही. ‘ताई’ ही हाक मालवी, सिंधी, मारवाडी घरांतूनही आली तेव्हा घडलं. तुमची भाषणं हिंदीत, तीही इंदुरी हिंदीत, आणि शक्यतो कोर्टातल्या शब्दांशिवाय व्हावीत.

तिकीट आणि अपक्षपण

याबद्दल थोडंच सांगतो, कारण प्रत्येक पक्षाची रीत वेगळी. बारमधली लोकप्रियता पक्षाला दाखवू नका. वकील मित्र नऊही मतदारसंघांत आणि बाहेरही राहतात, त्यांची मतं तुमच्या पेटीत येत नाहीत. पक्षाला बूथवार माणसांची यादी दाखवा: बूथ क्रमांक, कार्यकर्त्याचं नाव, तो त्याच बूथचा मतदार आहे की नाही. अशी वही असलेले इच्छुक कमी असतात. अपक्ष लढायचं असेल तर आधी पार्षदाची निवडणूक लढवा असं माझं प्रामाणिक मत आहे. नगर निगमात ८५ वॉर्ड आहेत आणि एक वॉर्ड पायी पालथा घालता येतो.

उमेदवारी अर्ज

वय २५ पूर्ण हवं. मध्य प्रदेशातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं. राहता राऊत आणि लढता इंदूर-३ मधून, तर राऊच्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते.

अर्ज नमुना २-बी मध्ये असतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा, आणि सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. माझा आग्रह असा की पक्षाचं तिकीट खात्रीचं असलं तरी चारपैकी निदान एक अर्ज दहा सूचकांच्या सह्यांनी भरा, आणि पर्यायी उमेदवाराचा अर्जही दहा सह्यांनीच भरून घ्या. पक्षाचे ए आणि बी नमुने, म्हणजे अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारी पत्रं, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचले नाहीत तर एका सूचकाचा अर्ज कोसळतो. पर्यायी उमेदवाराचं महत्त्व इंदूरने २०२४ च्या लोकसभेत पाहिलं आहे. माघारीच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झालेला होता. पक्ष मैदानाबाहेर गेला आणि ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली.

आता नमुना २६, म्हणजे शपथपत्र. हे स्वतः बसून भरा, ज्युनियरला देऊ नका. स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबितांचं आणि अविभक्त कुटुंबाचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, पॅन, स्थावर-जंगम मालमत्ता, परदेशातली संपत्ती, कर्जं, सरकारी देणी, प्रलंबित गुन्हे, शिक्षा, शिक्षण, सोशल मीडियावरची खाती, हे सगळं त्यात येतं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. २०१३ च्या रिसर्जन्स इंडिया निकालानंतर कोरा रकाना भरायची सूचना मिळूनही तो तसाच राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नहीं’ लिहा, आडवी रेघ मारू नका.

मालमत्तेत वकील हमखास विसरतात त्या गोष्टी: चेंबरची पगडी किंवा भाडेकरारातली अनामत, लायब्ररी आणि फर्निचर, सहकारी सोसायटीतले शेअर, वडिलोपार्जित वाड्यातला अविभक्त हिस्सा. महाराष्ट्रात गावाकडच्या सात-बारावर आजोबांनंतर तुमचं नाव चढलेलं असतं आणि ते इंदुरात कुणाच्या ध्यानीमनी नसतं. उतारा मागवून घ्या. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने, प्रत्येक बारीकसारीक जंगम वस्तू जाहीर न करणं हा मोठा दोष नव्हे, असं म्हटलं आहे. तो आधार याचिका झालीच तर वापरायचा. शपथपत्र भरताना सगळं लिहा.

गुन्ह्यांचा रकानाही तसाच. बारच्या आंदोलनातला, रास्ता रोकोतला एखादा गुन्हा कधीतरी नोंदलेला असतो आणि तो तुम्हाला माहीतही नसतो. ई-कोर्ट्सवर शोधा, ठाण्यांतून लेखी माहिती मागवा. प्रलंबित गुन्हा असेल तर तो वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा ठरलेल्या दिवसांत जाहीर करावा लागतो आणि तो खर्च तुमच्याच नावावर पडतो. शपथपत्रात खोटी माहिती देणं किंवा लपवणं यासाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात तुमच्यासह पाच जण जाऊ शकतात. ढोल-ताशे कार्यालयापासून शंभर मीटर बाहेर. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत. शेवटचा दिवस टाळा, म्हणजे काही चुकलं तर दुसरा अर्ज भरायला जागा राहते. अर्ज दिल्यावर लगेच शपथ घ्या आणि तिचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडा. छाननीच्या दिवशी शपथ घेऊ म्हणणाऱ्याचा अर्ज जातो. मतपत्रिकेवर नाव कसं हवं तेही लेखी द्या, ‘ळ’ची अडचण तिथेच मिटवा.

पैसा आणि तीन रंगांची वही

२०२२ पासून मध्य प्रदेशात विधानसभेच्या उमेदवाराची खर्च मर्यादा ४० लाख रुपये आहे. अडीचशे बूथ धरले तर बूथमागे सोळा हजार. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च मोजला जातो. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि सगळे पैसे त्यातूनच जाऊ द्या. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही.

निवडणूक कार्यालयातून एक नोंदवही मिळते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्या पानांवर बँक. प्रचारकाळात खर्च निरीक्षक ती निदान तीन वेळा तपासतात, आणि प्रशासन तुमच्या सभांची स्वतःची नोंद वेगळी ठेवतं. खुर्ची, मंडप, माईक, चहा, पोहे यांचे दर जिल्हा प्रशासन आधीच ठरवतं. सभेत दोनशे लोकांना पोहे दिले आणि वहीत पन्नास लिहिले तर त्यांच्या व्हिडिओत दोनशे दिसतात. यासाठी मित्र नको, रोज रात्री अकरा वाजता बसणारा लेखापाल हवा. वहीची पानं कशी भरायची हे ज्याला कळतं असा माणूस शोधा.

पत्रक छापताना मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलेला हवा. प्रकाशकाने ओळखीच्या दोघांची साक्ष घेऊन मुद्रकाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. भिंती रंगवायच्या फंदात पडू नका, संपत्ती विरूपण निवारण अधिनियम १९९४ खाली कारवाई होते, आणि स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात घरमालकही चिडतो. टीव्ही, रेडिओ आणि सोशल मीडियावरच्या जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात.

‘तुम्ही गुन्हेगारांचे वकील’

हा आरोप येणारच. फौजदारी वकिलावर तर नक्की. त्यावर चिडू नका आणि अशिलाबद्दल एक अक्षर बोलू नका. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क दिला आहे, हे एका साध्या वाक्यात सांगा. मग तिथल्याच माणसाकडे वळा: ‘काकू, उद्या तुमच्या मुलाला चुकून ठाण्यात नेलं तर त्याच्या बाजूने उभं राहणारा कुणीतरी हवा ना?’ एवढं पुरतं. घरातल्या बायकांना हा मुद्दा पुरुषांपेक्षा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे, कारण ठाण्याच्या खेपा त्यांनाच घालाव्या लागतात.

दारात उभं राहून ऐका. वकिलाला उलटतपासणीची सवय असते, लोकांना ती टोचते. पाणी येत नाही असं कुणी म्हटलं तर ‘किती दिवसांपासून, तक्रार केली का’ असं विचारत सुटू नका. नाव, गल्ली, अडचण लिहून घ्या आणि पुढच्या दारी जा. प्रत्येक गल्लीत पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर तेरा दिवस पुरणार नाहीत. सभांची परवानगी निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवरून किमान ४८ तास आधी मागा. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद म्हणजे बंद.

मतदान आणि मोजणी

प्रत्येक बूथवर मतदान प्रतिनिधी द्या, शक्यतो त्याच बूथचा मतदार. मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी किमान ५० मतांची चाचणी होते, त्या वेळी तो हजर हवा. त्यासाठी त्याला पहाटे उठवायची जबाबदारी कुणाची तेही लिहून ठेवा. संध्याकाळी मतदान संपलं की केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीने निघू नये. किती मतं नोंदली गेली आणि यंत्रांचे, सीलचे क्रमांक काय, हे त्यावर असतं. मोजणीच्या टेबलावर तेच आकडे ताडून पाहायचे असतात. अडीचशेपैकी शंभर बूथांच्या प्रती हरवल्या तर मोजणीत तुमची माणसं नुसती बघ्याची होतात. मतदारांना केंद्रापर्यंत फुकट गाडी देणं भ्रष्ट आचारात येतं. आजोबांना मुलगा स्वतःच्या स्कूटरवर आणेल. ८५ वर्षांवरच्या मतदारांना घरून मतदानाची सोय आहे, तिचा अर्ज वेळेत भरून द्या.

२०२३ मध्ये मतदान आणि मोजणी यांच्यात सोळा दिवसांचं अंतर होतं. स्ट्राँग रूमच्या कुलुपांवर उमेदवाराला आपलंही सील लावता येतं आणि बाहेर माणसं बसवता येतात. इंदूरची मोजणी नेहरू स्टेडियममध्ये होत आली आहे. आळीपाळीची यादी करा, नाहीतर तिसऱ्या रात्री तिथे कुणी नसतं. मोजणी प्रतिनिधी म्हणून वक्ते नकोत, आकडे चटकन लिहिणारे हवेत. आधी टपाली मतं, मग यंत्रं, आणि शेवटी चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट पावत्या मोजल्या जातात.

निकालानंतर

जिंकलात किंवा हरलात, ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. २०२३ च्या निकालावर ही मुदत २ जानेवारी २०२४ ला संपली. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि हरलेले उमेदवार इथेच चुकतात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असाल आणि यंत्रांबद्दल शंका असेल तर निकालापासून सात दिवसांत लेखी अर्ज देऊन, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी मागता येते. सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात ही सोय करून दिली आहे. निवडणूक याचिका ४५ दिवसांत हायकोर्टात करावी लागते आणि ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. याचिका स्वतःच चालवायचा मोह होईल. दुसरा वकील नेमा, कारण साक्षीदार म्हणून तुम्हालाच उभं राहावं लागणार आहे.

ज्यांनी बूथ सांभाळले त्यांच्या घरी या ४५ दिवसांत जाऊन या. सहकाऱ्याकडे दिलेल्या फायली मोजून परत घ्या, अशिलांना नव्या तारखा कळवा, आणि बूथवार निकालाचा नमुना २० मागवून त्या वहीत, प्रत्येक बूथच्या नावापुढे, पडलेली मतं लिहून ठेवा.